जिनवर नोकरीला लावलेला सेंटर फॉरवर्ड

मी स्वतः फुटबॉल कधी खेळलो नाही. नायगावच्या बाजूला आमचं गाव. तिथं चेंडू म्हणजे चिंध्यांचा, आणि तो एकमेकांच्या पाठीत मारायचा. नांदेडला शाळेत आल्यावर खरा फुटबॉल पाहिला, तोही मैदानाच्या कडेला बसून, खेळणाऱ्यांचे सदरे सांभाळत. तरीही नांदेडच्या क्लबानं बाहेरून एकच खेळाडू आणला, आणि त्याला आणण्याचं काम माझ्याकडं आलं आणि मी ते केलं. बोर्डिंगातल्या मित्रांना मी ही हकीकत एकदा सांगितली होती. ते सामन्यांच्या शील्डबद्दलच विचारत राहिले. मीही मग तेवढंच सांगितलं. बाकीचं इथं लिहितो आहे; नीट जमेल की नाही ठाऊक नाही.

क्लब ड्रिल मास्तरांचा होता. मास्तर शाळेत आम्हाला कवायत शिकवत. एकटा माणूस, एक खोली, एक सायकल. क्लबाचा फुटबॉल ते आपल्या खोलीत खुंटीला टांगून ठेवत, त्याच्या कातड्याला एरंडेल लावत आणि आतलं ब्लॅडर तोंडानं फुगवत. तेव्हा त्यांचे गाल असे फुगत की कवायत शिकवतानाही ते आठवून आम्हाला हसू येई. खेळणारे म्हणजे दुकानदारांची मुलं, तारघरातला एक कारकून आणि जिनमधले, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातले, दोघेतिघे. सगळे अनवाणी खेळत.

क्लबाचा खर्च जिनवाल्या शेठजींकडून चाले. शेतकऱ्याची कापसाची गाडी जिनच्या वजनकाट्यावर चढली की गोशाळेच्या नावानं एक पैसा कापायची रीत जुनीच होती. शेठजींच्या मुलाला शाळेत खेळाचा नाद लागला तेव्हापासून त्यांनी आणखी एक पैसा कापायला सुरुवात केली. त्याला काट्यावर 'खेळाचा पैसा' म्हणत. आमच्या दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाडीही दर वर्षी त्याच काट्यावर चढे. कसला खेळ, कुणाचा खेळ, हे दादांनी कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी माझ्या कापसावर पोरं उड्या मारून राहिलीत म्हण की." आणि हसले. दादांना त्याचा राग नव्हता. पैसा कुठंतरी कापला जातोच, असं त्यांचं मत होतं.

मी हैदराबादला कॉलेजात गेलो त्या वर्षी दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. सरकारनं ज्वारी पेरायची सक्ती केल्यानं कापूस कमी झाला होता, त्यामुळं गाड्या कमी, त्यामुळं खेळाचा पैसाही कमी. शेठजींनी मास्तरांना बोलावून सांगितलं, "लातूरची शील्ड आणा. आणली तर जिनच्या मागची मोकळी जागा क्लबाच्या नावानं लिहून देतो आणि खेळाचा पैसा कायमचा. नाही आणली, तर तो पैसाही गोशाळेला. गाय निदान शेण तरी देती, मास्तर."

लातूरच्या आडत्यांचाही एक क्लब होता. दाळ मिलवाले त्याच्या मागं होते. शिवरात्रीच्या जत्रेच्या दिवसांत ते सामने भरवत आणि आपली शील्ड आपल्याच घरात ठेवत. नांदेडकर तिथं दर वर्षी जात आणि हरून येत. मास्तरांनी ओळखलं की आपल्या पोरांकडून हे होणार नाही. त्यांनी मला पत्रात लिहिलं: सिकंदराबादच्या छावणीत एका बेकरीवर काम करणारा एक सेंटर फॉरवर्ड आहे, त्याचा खेळ मी डोळ्यांनी पाहिला आहे. तू आता तिकडंच आहेस, तुला उर्दू येतं, जाऊन भेट. जिनमध्ये काट्यावर नोकरी, राहायला खोली, बेकरीपेक्षा जास्त पगार.

मला फार आनंद झाला हे कबूल केलं पाहिजे. कॉलेजात मी कुणी नव्हतो. वर्गात प्रश्न विचारायचा तर दोन दिवस मनात वाक्य जुळवत बसायचो. आणि इकडं नांदेडच्या एका मोठ्या कामासाठी माझी गरज पडली होती.

मी आश्विनात एका दुपारी बेकरीवर गेलो. तो पाव भरलेल्या लाकडी पेट्या हातगाडीवर चढवत होता. पंचविशीतला, बुटका, पोटऱ्या मात्र दगडासारख्या. मी येण्याचं कारण सांगितलं तसा तो मला घरी घेऊन गेला. घरी त्याची आई आणि बायको. आपसात ते तेलुगू बोलत, माझ्याशी दखनी. त्याला खेळाबद्दलच विचारायचं होतं: मैदान कसं आहे, उजवीकडून पास देणारा कोण आहे. आईनं मात्र एकच गोष्ट विचारली.

"काम पक्का है ना बेटा?"

"पक्का है, अम्मा," मी म्हणालो.

मी खोटं बोललो नाही, निदान तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. पगार किती रुपये आहे, जिनची चिमणी किती उंच आहे, शेठ किती मोठे आहेत, गोदावरी किती जवळ आहे, सगळं मी सांगितलं. खोलीवर पत्रे आहेत हेसुद्धा सांगितलं, उगाच मागून बोल नको म्हणून. एक सांगितलं नाही. जिन दिवाळीला सुरू होते आणि होळीला बंद होते. कापूस संपला की भोंगा थांबतो, फाटकाला कुलूप लागतं, आणि मजुरापासून काट्यावरच्या माणसापर्यंत सगळे आपापल्या शेताला, घराला जातात ते पुढच्या दिवाळीला येतात. हे मी लपवलं नाही. माझ्या मनातच आलं नाही. आमच्याकडं उन्हाळा येतो हे कुणी पाहुण्याला सांगत नाही, तसं. मास्तरांनी पत्रात लिहिलं नव्हतं, शेठजींनी मास्तरांना बजावलं नव्हतं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानं बेकरी सोडली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एकाच गाडीनं नांदेडला आलो. तो, त्याची बायको, आई, दोन ट्रंका आणि एक पाट्यासकट वरवंटा. जिन नुकतीच सुरू झाली होती. फाटकापासून पार सडकेच्या वळणापर्यंत कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, बैल सोडलेले, माणसं गाडीखाली भाकरी खात बसलेली. तो टांग्यात उभा राहून बघत राहिला.

"अम्मा, देखो," तो म्हणाला, "इत्ता काम! ये तो जिनगीभर नै खतम होता."

टांगेवाला हसला. मीही हसलो.

शेठजींनी त्याला गादीवर बोलावून वरून खालून पाहिलं. त्यांना कुस्तीपलीकडचं काही कळत नसे. "पैलवान, वजन किती?" त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, "शेठ, हा पळतो." "पळून जातो का?" शेठ म्हणाले, आणि गादीवरचे सगळे हसले. तेव्हापासून जिनमध्ये त्याला काही जण पैलवान म्हणत आणि क्लबात सगळे सेंटर. मीही सेंटरच म्हणतो.

तो काट्यावर गाड्यांच्या चिठ्ठ्या देई. खेळाडूला नावापुरती नोकरी असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो खरोखरच काम करी. संध्याकाळी डोक्यात, भुवयांवर कापूस घेऊन मैदानावर येई. डिसेंबरच्या सुट्टीत मी आलो तेव्हा त्यानं मला हातावर हाली रुपया ठेवून दाखवला. छावणीत त्याला इंग्रजांचे कलदार मिळायचे, इकडं निजामाचा हाली, कलदारापेक्षा कमी किमतीचा. मी सांगितलेला आकडा हालीतला होता, त्यानं तो कलदारात धरला होता. पगार बेकरीपेक्षा थोडासाच जास्त निघाला.

"और क्या क्या नै बोले, कालेजवाले भाई?" त्यानं हसत विचारलं.

मी शरमलो, माफी मागितली. त्यानं पाठीवर थाप मारली. तेव्हा तरी मला होळीची आठवण व्हायला हवी होती. झाली नाही. मी रुपयाच्याच विचारात होतो.

लातूरच्या सामन्यांना मी कॉलेजातून दोन-चार दिवसांची रुखसत घेऊन आलो. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं, म्हणून जिनची लॉरी कोळशाच्या गॅसवर चालत होती; लोहा गावाच्या पुढच्या चढावर सगळ्या टीमला उतरून ती ढकलावी लागली. आडत्यांनी आमची सोय तुरीच्या एका गोदामात केली होती. पोत्यांवर झोपलो. सेंटरला तिथल्या धुळीनं शिंका येत होत्या आणि मास्तर घाबरून त्याच्या छातीला तेल चोळत होते.

शेवटच्या दिवशी मैदानाभोवती जत्रेतली सगळी माणसं लोटली होती. झाडांवर पोरं. लातूरचे लोक आम्हाला सारखे ओरडत होते.

"ओ नांदेडकर, चेंडू हाय तो, कापसाचं बोचकं न्हाई! डोक्यावर काय घेताव?"

सेंटर पहिला अर्धा वेळ जवळपास उभाच होता. मास्तर कडेनं पळून पळून घामाघूम. मग चेंडू त्याच्याकडं आला आणि तो लातूरच्या तिघांमधून असा गेला की तिघं एकमेकांवर आदळले. मागून कुणीतरी आपल्याच माणसाला ओरडलं, "आरं धर की त्याला! त्याच्या वरातीत चाललास का?" त्यानं दोन गोल मारले. शेवटी तेच आडते, तेच हमाल त्याला खांद्यावर घ्यायला धावले. लातूरच्या क्लबाच्या मुनीमानं त्याच्या हातात पेढ्याचा पुडा दिला आणि त्याचं गाव, घर, काम विचारून घेतलं.

शील्ड मास्तरांनी मांडीवर घेतली ती नांदेडपर्यंत खाली ठेवली नाही. लॉरीत ते माझ्या कानाशी म्हणाले, "आता क्लबाला मरण नाही, पोरा. जागा मिळाली, पैसा कायम झाला." मी त्याच रात्रीच्या गाडीनं परीक्षेसाठी हैदराबादला गेलो.

परीक्षा संपवून चैत्रात परत आलो. स्टेशनवरून चालत जिनवरून जाताना फाटकाला कुलूप दिसलं. चिमणीवर घारी बसल्या होत्या. मला त्यात काही नवीन वाटलं नाही, दर वर्षी असंच असतं. मग फाटकाजवळचा वॉचमन उठून माझ्याकडं आला.

"तुमचा पैलवान येऊन गेला होता," तो म्हणाला. "धुळवडीच्या दुसऱ्या दिशी. सकाळी बरोबर टायमाला आला, डबा घिऊन. म्हन्ला, भोंगा का न्हाई झाला? मी म्हन्लं, आता भोंगा दिवाळीला. तर त्याला वाटलं मी मस्करी करून राहिलो. बसला हितं दगडावर. दुपारपस्तोर बसला. दुसऱ्या दिशी पुन्हा आला डबा घिऊन."

वॉचमनला त्यात गंमत वाटत होती. पण सांगता सांगता त्याचा आवाज उतरत गेला.

सेंटरची खोली जिनच्या भिंतीला लागून होती. मी गेलो तेव्हा ऐन दुपार होती. पत्रे तापून आत भट्टी झाली होती, म्हणून तो भिंतीच्या सावलीत बाहेर बसला होता. महिनाभर तो स्टेशनवर हमाली शोधत होता. तिथल्या हमालांनी त्याला दोनदा हाकललं होतं. ट्रंक एकच उरली होती. पाटा-वरवंटा दारात दिसत होता.

"बैठो," तो म्हणाला. एवढ्या महिन्यांत त्याला मराठी कळू लागलं होतं, बोले मात्र दखनीच. मग म्हणाला, "जिन होली कू बंद होती. तुमकू मालूम था?"

"होय."

"मास्टरकू?"

"होय."

"शेठकू, वाचमनकू, टांगेवालेकू?"

"सगळ्यांनाच."

"पूरे नांदेडकू मालूम था. एक मैंच पागल." तो हसला नाही. "मेरेकू बोले क्यों नै?"

मी म्हणालो, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. हे वाक्य तोंडातून निघालं आणि किती पोकळ आहे ते मलाच ऐकू आलं.

"पाव रोज लगता भाई," तो म्हणाला. "बारा महिने. मेरेकू कपास का क्या मालूम?"

त्या दिवशी मी गावी गेलो. दादांना सगळं सांगितलं. दादा म्हणाले, "जिन तर होळीला बंदच होती की. कोणाला ठाव न्हाई?" त्यांना माझं दुःख कळत नव्हतं असं नाही. त्यांना तो माणूसच डोळ्यांसमोर आणता येत नव्हता, ज्याला हे ठाऊक नाही. आमच्या घरी आईनं दोन पायली ज्वारी बांधून दिली. ती मी नेऊन पोचवली. अम्मानं घेतली आणि फडकं झटकून मला परत दिलं.

मास्तर तोवर शेठजींकडं चार खेपा घालून आले होते. उन्हाळ्यापुरता निम्मा पगार द्या, असं मागत होते. शेठ म्हणाले, "जिन बंद तर नोकर बंद. त्याच्या एकट्यासाठी भोंगा वाजवू का?" आणि जागेचं? "जागा कुठं पळून जाती. दिवाळीला बघू." शील्ड त्यांनी गादीमागच्या कोनाड्यात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी ठेवली होती. मास्तर सांगत होते, आपला क्लब म्हणजे तरी काय, होळीपर्यंतच असतो की रे, उन्हाळ्यात आपण चेंडू टांगूनच ठेवतो. हे त्यांना पहिल्यांदाच सुचल्यासारखं ते बोलत होते.

तेवढ्यात लातूरचा मुनीम आला. लातूरच्या क्लबाला सेंटर हवा होता. दाळ मिलवर काम, खोली, शिवाय वर्षाला एक सदरा-धोतर. मिल उन्हाळ्यातही चालते, असं त्यानं ठासून सांगितलं. मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. सेंटर लातूरला गेला तर येत्या वर्षी शील्ड तिकडं, मग जागा नाही, पैसा नाही, क्लब नाही.

"तू जा," ते मला म्हणाले. "तुझं ऐकेल तो. म्हणावं, दिवाळीपर्यंत कसंही काढ. मी माझा पगार वाटून देतो."

"मास्तर, मी पुन्हा नाही सांगत काही."

"अरे, मग कोण सांगणार? शिकलेला तूच ना!"

मी गेलो. पण थांबा असं म्हणालो नाही. मी ठरवलं होतं की या वेळी ठाऊक आहे ते सगळं सांगायचं. तो, अम्मा आणि त्याची बायको, तिघांसमोर मी सांगितलं. दाळ मिल उन्हाळ्यात चालते हे खरं आहे. पण तूर संपली की तीही थांबते. मृग लागला की बंद. खोली मिलची असते, तीही जाते. पावसाळ्यात आडत बाजारात हमालीसुद्धा नसते. मास्तर पगार वाटून देतील, पण त्यांचा पगार एका माणसापुरता आहे. शेठजींनी जागेचा कागद केलेला नाही, आणि करतील असं मला वाटत नाही.

"मिरगके बाद?" त्यानं विचारलं.

"दिवाळीपर्यंत काही नाही."

"फिर तुम लोगाँ बारा महिने जीते कैसे?"

"शेत असतं," मी म्हणालो. "घरात दाणे असतात."

त्यानं बायकोकडं पाहिलं. तिला माझं मराठी कळलं असावं, कारण ती उठून आत गेली.

"लातूरवाला ये सब नै बोला," तो म्हणाला.

"त्याला वाटलं असेल, तुम्हाला ठाऊक आहे."

तो लातूरला गेला नाही. मी मास्तरांना तसं सांगितलं तेव्हा त्यांनी मला मिठी मारली. "शाबास! म्हणजे राहतो ना?" राहतो असं तो बोलला नाही, मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. लगेच सायकल काढून शेठजींकडं गेले. चौथ्या दिवशी सेंटरची खोली रिकामी दिसली. पाटा-वरवंटा जाताना शेजारणीला विकला होता. लातूरला गेला असता तर निदान दोन-अडीच महिने पोटभर जेवला असता, आणि कुणी सांगावं, तिथं पुढं काही निघालंही असतं. मी त्याला खरं सांगितलं, आणि त्यानं तो रस्ताही सोडला. यात माझं बरोबर किती आणि चूक किती, हे मला अजून ठरवता येत नाही.

त्याच आठवड्यात शेठजींनी निरोप पाठवला की पैलवानच नाही तर खेळाचा पैसा कशाला. या दिवाळीपासून तोही गोशाळेला. मास्तरांनी मला फुटबॉल दाखवला. हवा काढून, घडी करून ट्रंकेत ठेवला होता.

कॉलेज उघडल्यावर मी सिकंदराबादला गेलो. पहिल्या दिवशी बेकरीच्या कोपऱ्यावरून परतलो, दुसऱ्यांदा घरापर्यंत गेलो. अम्मा दारातच होती. बेकरीवर त्याच्या जागी दुसरा माणूस लागला होता. सेंटर फौजेत भरती झाला होता. रोट्या भाजायच्या कामावर घेतलं होतं. कुठं पाठवलं ते सांगत नाहीत, ती म्हणाली. बायको माहेरी होती.

"पूछ के गया," अम्मा म्हणाली. "साहबकू पैले येच पूछा, तनखा बारा महिने है क्या. बारा महिने है."

तिनं मला आत बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, "दिवाली कू जिन खुलती ना बेटा? तब तक लडाई खतम हुई, तो मास्टर बुलाता ना उसकू?"

मी सांगितलं. जिन उघडेल, पण क्लब बंद झाला. खेळाचा पैसा थांबला. बोलावणारं आता तिथं कुणी नाही. ती मान हलवत ऐकत होती. मग उठून तिनं फळीवरून एक कोरं पोस्टकार्ड काढलं, माझ्यासमोर ठेवलं, आणि पत्ता लिहिलेला कागद दिला. पत्ता फौजेचा, त्यावर नुसते आकडे होते.

"तुम लिखो," ती म्हणाली. "पन क्लब बंद हुआ, ये नक्को लिखो उसकू."

मी कार्ड लिहिलं. ती सांगत गेली तेवढंच.